‘ही कॉलर कुणाची?’

ताई, नमस्कार.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत गणवेशाच्या एका कारखान्यात लाइन सुपरवायझर आहे. वय ३३. माझ्या लाइनवर ४२ बायका आहेत. निम्म्याहून जास्त पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. बाकीच्या विडी घरकुलातून आणि नई जिंदगीकडून येतात.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा झाल्यावर मालकांनी आम्हा पाच सुपरवायझरांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला पाठवलं. विषय होता भावनिक बुद्धिमत्ता आणि कर्मचाऱ्यांचं कामातलं गुंतलेपण. राग आवरणं, हसून बोलणं, कौतुक करणं, रोज प्रत्येकीची विचारपूस करणं असं शिकवलं. परत आल्यावर मी मनापासून सुरू केलं. रोज सकाळी लाइनवरून फिरत ‘आज कसं वाटतंय?’ विचारतो. वाढदिवसाला केक आणतो. ‘महिन्याची तारका’ म्हणून भिंतीवर फोटो लावतो. पण फरक काही नाही. बायका येतात, टार्गेट काढतात, साडेपाचला जातात. कशात जीव म्हणून नाही. विचारलं की ‘चांगलंय अण्णा’, एवढंच.

एप्रिलमध्ये एकदा ३०० कॉलर अल्टरला, म्हणजे दुरुस्तीला, परत आल्या. इस्त्रीनंतर फुगे आले होते. मी एक कॉलर हातात धरून लाइनवर विचारलं, ही कुणाची? आवाज चढवला नव्हता, प्रशिक्षण लक्षात होतं. नंतर कळलं की कॉलरला बकरम चिकटवणाऱ्या फ्युजिंग मशीनचं तापमान कमी पडत होतं. पण त्या दिवसापासून शिस्त आली. लाइनवरून अल्टरची एकही कुरबूर माझ्याकडे आलेली नाही.

मे महिन्यात, ऐन सीझनमध्ये, माझी सगळ्यात चांगली कॉलरवाली काम सोडून शेजारच्या कारखान्यात गेली. १२ वर्षं होती आमच्याकडे. तिथं रेट तोच आहे, पैसा जास्त नाही. का म्हणून विचारलं तर ‘एमी लेदु अण्णा’, काही नाही, म्हणाली. मला फार लागलं. तिचा मुलगा दहावी झाला तेव्हा मी पेढे वाटले होते.

नळाला पाणी येतं त्या दिवशी खाडे होतात ते वेगळंच. आता मालकांना सर्व्हे करून ‘एंगेजमेंट स्कोअर’ हवाय. मी दिवसभर हसतमुख असतो आणि जुळे सोलापूरला घरी पोचलो की सहा वर्षांच्या पोरीवर ओरडतो. ताई, भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे गोड बोलणंच का? त्यानं माणसं खरंच कामात गुंततात, की हे मोठ्या शहरांतल्या ऑफिसांचं खूळ आहे?

एक सुपरवायझर

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमच्याबद्दल वाईट वाटलं. केक, पेढे, फोटो हे सगळं तुम्ही मनापासून केलंय, दिसतंच आहे. दुसऱ्यांदा वाचताना कॉलरपाशी अडखळले. तिसऱ्यांदा फक्त तेवढाच परिच्छेद वाचला.

पत्रात तुम्ही त्या प्रसंगाला सहा-सात वाक्यं दिलीत आणि तेही शिस्तीचं उदाहरण म्हणून. मला मात्र तुमच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथंच दिसतं. तुम्ही कॉलर वर धरलीत. लाइनवर कॉलर कोण शिवतं हे ४२ जणींना ठाऊक होतं. म्हणजे तुमचा प्रश्न सगळ्यांना होता, पण माना वळल्या असतील एकीकडेच. ती १२ वर्षं कॉलर शिवत होती. फुगा शिलाईनं येत नाही, बकरम कापडाला नीट चिकटलं नाही की येतो, हे तिला तुमच्याआधी कळलं असणार. तरीही ती बोलली नाही. चार दिवसांनी म्हणा, आठवड्यानं म्हणा, तुम्हालाही कारण कळलं. ते तुम्ही लाइनवर जाऊन सांगितलंत का? पत्रात तसं कुठं दिसत नाही. सांगितलं असतंत तर लिहिलं असतंत, असं मी धरून चालते.

महिन्याभरात ती गेली. त्याच रेटनं, शेजारी. पैशासाठी गेली असती तर तुम्हाला एवढं लागलं नसतं, आणि मलाही हे पत्र एवढं लांब लिहावं लागलं नसतं.

आता तुमचा प्रश्न. भावनिक बुद्धिमत्ता ही कल्पना पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली एका शोधनिबंधात मांडली. पुढं १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळं ती जगभर पोचली आणि तिथून प्रशिक्षणवाल्यांच्या हाती गेली. सॅलोवे आणि मेयर यांनी नंतर तिच्या चार क्षमता सांगितल्या. समोरच्याच्या आणि आपल्या मनात काय चाललंय ते ओळखता येणं. त्या भावनेचा विचार करताना उपयोग करून घेता येणं. ती कशातून आली आणि कुठं जाईल हे समजणं. आणि शेवटी ती सांभाळता येणं. तुम्हाला दोन दिवसांत शिकवली ती चौथी: राग आवरा, हसा, गोड बोला. पहिली आणि तिसरी वगळून चौथी शिकवणं म्हणजे माप न घेता शर्ट बेतणं. तुम्ही त्या दिवशी आवाज चढवला नाहीत हे खरं. राग तुम्ही उत्तम आवरलात. पण समोर एका बाईचा चेहरा उतरला तो तुम्ही वाचला नाहीत, आणि पुढं ‘चांगलंय अण्णा’मध्ये तोच उतरलेला चेहरा रोज तुमच्यासमोर येत राहिला.

योगायोग असा की १९९० सालीच विल्यम कान या संशोधकानं कामातल्या गुंतलेपणावर पहिला महत्त्वाचा निबंध लिहिला. त्यानं एका उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना कंपनीतली माणसं जवळून पाहिली. माणूस कामात स्वतःला कधी ओततो आणि कधी आखडून घेतो, एवढंच तो शोधत होता. त्याला सापडलं ते असं: माणूस आतल्या आत तीन गोष्टी चाचपतो. या कामात जीव ओतण्यात काही अर्थ आहे का? ओतला तर माझं काही वाईट तर होणार नाही? आणि ओतायला माझ्यात आज काही शिल्लक आहे का? तुमची लाइन या तीन प्रश्नांवर उभी करून बघा.

मधला प्रश्न आधी घेते, कारण तुमच्याकडे तोच तुटलाय.

‘त्या दिवसापासून लाइनवरून अल्टरची एकही कुरबूर आली नाही’ हे वाक्य तुम्ही समाधानानं लिहिलंय. मला ते वाचून धस्स झालं. ४२ मशिनी, हजारो पीस, एप्रिल-मेची घाई, आणि एकही कुरबूर नाही? सुई तुटत नाही, धागा बदलत नाही, कटिंगमधून साइज चुकून येत नाही, असं होतं का कधी? दोष थांबले नसणार, सांगणं थांबलं असेल. चेकिंगचं आणि पॅकिंगचं रजिस्टर काढा आणि मे-जूनमध्ये तिथं किती पीस अडकले, किती दुकानदारांकडून परत आले, ते फेब्रुवारी-मार्चशी ताडून बघा. लाइन गप्प आणि पॅकिंगला ढीग, असं दिसलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधकबाईंना नव्वदच्या दशकात रुग्णालयात हाच चकवा लागला होता. औषध देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. ज्या विभागांचं नेतृत्व चांगलं, ज्यांचा एकमेकांत मेळ चांगला, तिथं चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज. आकडे नेमके उलटे आले. खोलात गेल्यावर कळलं की चांगल्या विभागांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या उघड सांगितल्या जात होत्या. वाईट विभागांत परिचारिका गप्प बसत होत्या, म्हणून कागदावर सगळं छान. तुमचं रजिस्टर सध्या त्या दुसऱ्या प्रकारात मोडतं.

मी स्वतः अशी गप्प बसलेली आहे, म्हणून हे मला पुस्तकाबाहेरही ठाऊक आहे. २४ वर्षांची असताना मी एका सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात कामाला लागले. तिसऱ्या महिन्यात माझ्याकडून हजेरीच्या बेरजेत चूक झाली. वरिष्ठांनी ते रजिस्टर कँटीनमध्ये आणून सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ओरडले नाहीत, उलट हसत हसतच वाचलं. पुढं तिथं मी दोन वर्षं काम केलं. एक दिवस उशिरा गेले नाही, एक बेरीज चुकली नाही. पण एकदा प्रॉव्हिडंट फंडाच्या रजिस्टरात काही कामगारांची कपात दोनदा झालेली मला दिसली. ते पान माझं नव्हतं. मी अकरा दिवस काही बोलले नाही. बारा-चौदा माणसांचा पगार कमी गेला, हे मला दिसत होतं आणि तरीही नाही बोलले. शेवटी एका कामगारानंच येऊन विचारलं तेव्हा ते सुधारलं. त्या अकरा दिवसांची मला आजही लाज वाटते. कोणत्याही सर्व्हेत मी तेव्हा आदर्श कर्मचारी ठरले असते: वेळेवर येते, काम पूर्ण करते, तक्रार नाही. तुमच्या बायका आज तशाच आहेत. हात चालू आहेत. डोळे आणि तोंड त्यांनी मिटून घेतलंय.

म्हणून पहिलं काम हे. ‘कुणाचं?’ हा प्रश्न लाइनवरून काढून टाका. दोष दिसला की ‘काय झालं?’ आणि ‘कुठून आलं?’ एवढंच विचारा. कपड्यातला दोष बहुतेक वेळा एका हातात जन्मत नाही. कापड, कटिंग, फ्युजिंग, सुई, दोरा, टार्गेटची घाई असा फिरत येतो आणि शेवटच्या हातात सापडतो. एखादीनं स्वतःहून येऊन ‘अण्णा, माझ्याकडून पाच पीस उलटे शिवले गेले’ म्हटलं, तर त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर काय उमटतं त्याकडे बाकीच्या ४१ जणी बघत असतील. पुढच्या सहा महिन्यांत कोण काय सांगणार हे तिथं ठरेल. तेव्हा तुम्ही हसला नाहीत तरी चालेल. ‘बरं झालं आत्ताच सांगितलं’ म्हणा आणि मशिनीपाशी चला.

रोजच्या ‘कसं वाटतंय?’बद्दलही थोडं. प्रश्नात वाईट काही नाही, पण चालत्या मशिनीवर, शेजारणीच्या कानावर पडेल असा, आणि परक्या भाषेत विचारलेला हा प्रश्न आहे. मनातलं दुखणं माणूस मनाच्या भाषेत बोलतो. तुमच्या निम्म्या बायकांची ती भाषा तेलुगू आहे. मराठीत त्या व्यवहार करतात, पीस मोजतात, तुमच्याशी बोलतात. ‘एमी लेदु’चा शब्दशः अर्थ काही नाही असा होतो, पण ज्या सुरात तो शब्द येतो त्यात ‘सांगून उपयोग नाही’ हेही बसतं. तुम्ही सोलापूरचे आहात, हे सूर तुमच्या कानांवरून लहानपणापासून गेलेत. त्याऐवजी विचारा: ‘काल कुठं अडलं?’ याचं उत्तर देता येतं. काज मशीन दुपारनंतर गरम होतं, अमकीच्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, हेल्पर बंडल वेळेवर आणत नाही. उत्तर आलं की एका वहीत तारीख घालून लिहा आणि त्यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात दुरुस्त करा. सगळ्या होणार नाहीत. जी होणार नाही तिचं ‘हे मालकांनी नाही म्हटलंय’ असं स्पष्ट सांगा. विचारून काहीच न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

आता तिसरा प्रश्न, शिल्लक किती आहे हा.

तुम्ही पाण्याच्या दिवशीचे खाडे एका ओळीत उरकलेत, जणू तो बायकांचा बेफिकीरपणा आहे. भाऊ, हे सोलापूर आहे. उजनी भरली तरी आपल्या नळाला रोज पाणी नाही. कितीतरी वर्षं चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेही कधी पहाटे, कधी भलत्या वेळी. पाणी येईल त्या दिवशी घरातल्या एकीला थांबावंच लागतं. पिंप, हंडे, घागरी, टाकी, सगळं तिनं भरलं नाही तर पुढचे चार दिवस घर कोरडं. ती बाई त्या दिवशी आली तर पहाटे तीनपासून जागी असते, आणि आली नाही तर तुमच्या वहीत खाडा. दोन्हीकडून तीच भरडली जाते. गुंतलेपणाचं प्रशिक्षण देणाऱ्यांच्या तक्त्यात पाण्याचा दिवस नसतो, म्हणून तो तुम्हालाच घालावा लागेल.

तुमच्याकडे तीन वस्त्यांतून बायका येतात हे खरं तर सोयीचं आहे, कारण सगळीकडे पाणी एकाच दिवशी येत नाही. भिंतीवरचा तारकेचा फोटो काढा आणि तिथं एक कॅलेंडर लावा. कुठल्या भागात कधी पाणी, ते बायकांनाच लिहू द्या, त्यांना तुमच्यापेक्षा पक्कं माहीत असतं. ज्या भागात पाणी, तिथल्या बायकांनी दीड तास उशिरा यायचं आणि तो वेळ त्याच आठवड्यात भरून काढायचा. लाइन कशी जुळवायची हे तुम्ही चांगलं जाणता. मालकांना सांगताना ‘सहानुभूती’ वगैरे शब्द वापरू नका. महिन्यात किती खाडे होतात, एका खाड्यानं लाइन किती पीस मागं पडते, आणि दीड तासानं किती, हे तीन आकडे समोर ठेवा.

उन्हाचंही तेच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४३-४४ वर जातो, आणि शाळा जूनच्या मध्याला उघडतात म्हणून गणवेशाची सगळी घाईही तेव्हाच. दुपारी दोन ते चार पत्र्याखाली बसून कॉलरचं टोक काढणं काय असतं ते एकदा स्वतः बसून बघा, खरंच बसा. बारीक कामं सकाळी लावा, सरळ शिलाई दुपारी. भावना ओळखण्याची सुरुवात कधी कधी पंख्याखालून उठून तिच्या जागेवर बसण्यानं होते.

पहिला प्रश्न, अर्थाचा. त्यावर फार बोलत नाही, कारण तुमच्याकडे तो आपोआप सुटण्यासारखा आहे. गणवेश ही अशी वस्तू आहे की शिवणारीच्या घरातलं पोरही तसलंच काहीतरी घालून शाळेत जातं. कुठल्या गावच्या शाळेचा माल चाललाय, ते बंडलाबरोबर लाइनवर सांगत जा. तेवढं पुरे.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण प्रशिक्षणात ती सांगितली नसावी. सुपरवायझर कितीही समजूतदार झाला तरी त्यानं पीस रेट वाढत नाही, ओव्हरटाइमचे पैसे मिळत नाहीत. ती भरपाई गोड बोलण्यानं करू पाहाल तर बायका ओळखतील, त्यांच्या दोन पिढ्या विडी आणि मागावर गेल्यात. आपल्या गावाला माणसं वाचणारे नवे नाहीत. १८७७ मध्ये इथं जुनी मिल उभी राहिली आणि मागोमाग बाकीच्या आल्या. त्या गिरण्यांच्या काळात देशभर सगळीकडं जॉबर असायचा. माणसं तोच भरायचा, तोच कामाला लावायचा, तोच काढायचा. कुणाच्या घरात लग्न आहे, कुणामागं सावकार लागलाय, सगळं त्याला ठाऊक. माणूस ओळखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्याच माहितीवर तो दस्तुरी, म्हणजे कामगारांकडून लाच, खायचा. १९३१ साली शाही मजूर आयोगानं आपल्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर आणि लाचखोरीवर बोट ठेवलं. म्हणून विनंती करते: एखादी उद्या मोकळेपणानं बोलली, नवऱ्याचं दारूचं म्हणा, हप्त्याचं म्हणा, तर ते तुमच्यापाशीच ठेवा. ‘तिला पैशाची गरज आहे, तिला रविवारी बोलवा, नाही म्हणणार नाही’ असा हिशेब मनात आला, की तुम्ही जॉबरच्या खुर्चीत बसलात असं समजा.

संशोधनाबद्दल विचारलंत म्हणून तेही. परिचारिका, शिक्षक, बँक आणि हॉटेलातले कर्मचारी यांच्यावर या विषयाचे पुष्कळ अभ्यास झालेत आणि भावनिक समज जास्त असलेली माणसं कामात जास्त गुंतलेली आढळतात, असा सूर त्यांत दिसतो. पण बहुतेक अभ्यासांत त्याच माणसाला एकाच वेळी दोन्ही प्रश्नावल्या भरायला दिलेल्या असतात. मी किती समजूतदार आहे आणि मी कामात किती रमतो, दोन्ही त्यानंच सांगायचं. समजूतदारपणामुळं रमतो, की रमल्यामुळं समजूतदारपणा सुचतो, हे त्यातून ठरत नाही. म्हणून खूळ म्हणून टाकून देऊ नका आणि रामबाणही मानू नका.

यावरूनच मालकांच्या स्कोअरकडे येते. नाव घालून फॉर्म भरून घेतलेत तर सगळ्या ‘उत्तम’वर खूण करतील आणि तुम्हाला शंभरपैकी पंचाण्णव मिळतील. नाव नसलं तरी अक्षर ओळखू येईल म्हणून भीती राहते, आणि कित्येकींना मराठी फॉर्म दुसरीकडून वाचून घ्यावा लागेल. त्यापेक्षा मालकांना म्हणा, तीन महिने दुसरं मोजू. लाइनवरून बायकांनी स्वतःहून किती दोष सांगितले. सांगितलेली अडचण सुटायला किती दिवस लागले. पाण्याच्या दिवशीचे खाडे किती उतरले. पहिल्या महिन्यात पहिला आकडा वाढेल आणि मालक घाबरतील. ती वाढ चांगली आहे हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुमच्यावरच येईल.

आता तुमच्याबद्दल. १९८३ साली आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या हवाई सुंदरींचा आणि वसुली करणाऱ्या माणसांचा अभ्यास मांडला. एकींना दिवसभर हसावं लागायचं, दुसऱ्यांना दिवसभर दरडावावं लागायचं, आणि दोघांचंही ते पगारात धरलेलं काम होतं. आत एक आणि चेहऱ्यावर एक असं रोज आठ तास करणाऱ्या माणसाची दमछाक होते, हे त्यानंतरच्या कितीतरी अभ्यासांत दिसलंय. पुण्याहून आल्यापासून तुम्ही नेमकं तेच करताय. डिस्पॅचचा ताण तुमच्यावर, वरून बोलणी तुम्हाला, आणि खाली चेहरा हसरा. तो राग कुठंतरी जाणारच. तुमच्या घरी तो सगळ्यात लहान माणसापाशी जातो.

हसणं सोडा. गंभीर चेहऱ्यानं खरं बोललेलं बायकांना चालेल. ‘आज मला वरून खूप बोलणी बसलीत, मी जरा तुटक बोलेन, तुमच्यावर राग नाही’ हे सकाळी लाइनवर सांगून बघा. आपल्या भावनेला नाव दिलं की ती थोडी उतरते. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ साली मेंदूचं स्कॅनिंग करून पाहिलं, तर भावनेला शब्द दिल्यावर भीती-रागाशी जोडलेल्या अमिग्डाला या भागाची हालचाल मंदावलेली दिसली. घरी जाताना विजापूर रोडनं जात असाल तर संभाजी तलावाशी गाडी लावा आणि दहा मिनिटं बसा. फोन खिशात राहू द्या. आज नेमकं काय लागलं ते मनाशी एका वाक्यात म्हणा: अपमान झाला, भीती वाटली, एकटं वाटलं, जे असेल ते. मग घरी जा. आणि पोरीवर ओरडलात तर झोपायच्या आत तिला सांगा की बाबा चुकला. सहा वर्षांच्या मुलांना ते कळतं.

तेच तुम्हाला लाइनवर करायचंय, आणि हे सगळ्यात अवघड काम मी मुद्दाम शेवटी ठेवलंय.

अपमान ४२ जणींसमोर झाला, म्हणून माफीही त्यांच्यासमोरच मागायची. ती आता तिथं नाही, तरीही. मशिनी बंद करा, दोन मिनिटं लागतील. म्हणा: ‘एप्रिलमध्ये मी कॉलर वर धरून ही कुणाची, असं विचारलं होतं. दोष शिलाईचा नव्हता, फ्युजिंगचा होता. मला ते नंतर कळलं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. माझं चुकलं.’ यापुढं एक शब्द नको. ‘पण’ नको, टार्गेटचं नको, केक तर मुळीच नको. लाइनवरच्या एखाद्या वडीलधाऱ्या अक्काला आधी सांगून ठेवा, ती तेच तेलुगूत म्हणेल. त्या वेळी कुणी काही बोलणार नाही. ती शांतता सहन करा आणि मशिनी सुरू करा.

नंतर त्या बाईकडे जा. एकटे जाऊ नका, त्या अक्काला सोबत घ्या, आणि त्यांच्याकडं पाण्याचा दिवस नाही ना तेवढं बघून जा. कामावर परत ये म्हणायला जायचं नाही, हे घरून निघतानाच मनाशी पक्कं करा, नाहीतर दारात उभ्या उभ्या तिला पुन्हा तुमच्या सीझनचा वास येईल. लाइनवर काय बोललात ते तिला सांगा. तिच्या नवऱ्यासमोर, मुलासमोर सांगा, कारण त्या दिवशी ती घरी गेली असेल तेव्हा त्यांनीही तिचा चेहरा बघितला असणार. ती रागावली तर ऐकून घ्या. रडली तर अक्का आहे. आणि ती पुन्हा ‘एमी लेदु अण्णा’ म्हणाली, तर या वेळी तो शब्द कुठल्या सुरात येतो ते नीट ऐका, चहा दिला तर घ्या, आणि निघा.